कुरडईचं वजन आणि खोक्याचं माप



आज पार्सलच्या भाड्याविषयी बोलायचं आहे. विषय रुक्ष वाटेल, पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका गटाला तो चांगलाच तिखट लागला. तिथूनच सुरुवात करते.

पेठ तालुक्यातला हा गट. दहा-अकरा बाया, सगळ्यांचा हात वाळवणात बसलेला. सुरुवात हौसेनेच झाली. घरच्यासाठी करायचं ते दोन किलो जास्त केलं, कुणाच्या नणंदेने नेलं, कुणाच्या जावेने मागितलं, मग कुणीतरी मोबाइलवर फोटो टाकले. अशात एका शिक्षिकेचा फोन आला. मूळच्या नाशिकच्या, नोकरी गडचिरोली जिल्ह्यात भामरागडकडे. त्या म्हणाल्या, "माहेरची कुरडई खाऊन दोन वर्षं झाली, दोन किलो पाठवता का?" बायांना एवढा आनंद झाला, की भाड्याचा विचार कुणी केलाच नाही. कुरडई साडेतीनशे रुपये किलो, म्हणजे सातशे. कुरिअरवाल्याने वजन करून 180 सांगितले. शिक्षिकेने 880 रुपये लगेच पाठवले. आपण कुरडया जपून भरल्या, तुटू नयेत म्हणून मोठा खोका घेतला, भोवती कागदाचे बोळे कोंबले.

दहा दिवसांनी कुरिअरकडून आणखी 590 रुपयांची मागणी आली. पार्सल सहा किलोचं धरलं होतं, वर दुर्गम भागाचा आकार. आम्ही भांडलो, पण पावतीमागे बारीक अक्षरात सगळं छापलेलं होतं. 880 मधून 770 भाड्यात गेले. खोका आणि चिकटपट्टीचे 40 वजा केले तर हातात राहिले 70. दोन किलो कुरडईला चार किलोच्या आसपास गहू लागतो. तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, चीक काढायचा, निवळू द्यायचा, पहाटे उठून शिजवायचा, सोऱ्याने घालायचा, वाळवायचा. सत्तर रुपयांत त्या गव्हाचे पैसेसुद्धा निघाले नाहीत.

दोन किलोचे सहा किलो कसे झाले, हे आधी समजून घेऊ.

गाडीत किंवा विमानात जागा ठरलेली असते. कापसाचं पोतं हलकं असलं तरी टेम्पो भरून टाकतं. म्हणून कुरिअरवाले दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं, दुसरं मापावरचं. या दुसऱ्याला ते व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. काही कंपन्या 4500 ने किंवा 4000 ने भागतात, तिथे वजन आणखी वाढतं. दोन्ही वजनांपैकी जे जास्त, त्याचं भाडं.

आमचा खोका होता 40 लांब, 30 रुंद, 25 उंच. गुणाकार 30,000. भागिले 5000, बरोबर सहा. काट्यावर खोक्यासकट सव्वादोन किलोच होतं, पण भाडं सहाचं. म्हणजे पावणेचार किलो आपण हवा आणि कागदाचे बोळे पाठवले, तेही भामरागडपर्यंत.

आता हेच पापडाला लावून बघा. दोन किलो नागलीचे पापड एकावर एक रचले तर 22 बाय 22 बाय 20 च्या खोक्यात बसतात. गुणाकार 9680, भागाकार दोनच्या आतच. जेवढं वजन तेवढंच भाडं. पापड पार्सलला सोयीचा, कुरडई गैरसोयीची. बाजारात शेजारी शेजारी मांडून विकताना हा फरक कधी जाणवत नाही, कारण तिथे गिऱ्हाईक पिशवी घेऊन येतं.

वारली चित्रांचंही असंच. काच लावून फ्रेम केलेलं चित्र 60 बाय 45 बाय 8 च्या खोक्यात घातलं, की चार किलोच्या वर भाडं लागतं आणि काच फुटण्याची धास्ती वेगळी. तेच चित्र कापडावर काढून पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलं, नळी 60 लांब आणि 10 जाड, तर हिशेब होतो 1.2 किलो. फ्रेम गिऱ्हाईक आपल्या गावी करून घेईल. गोधडी मुळातच जड, पण फुगते. घट्ट गुंडाळून सुतळीने आवळा, वर प्लास्टिकची पिशवी, खोका नकोच. लोणच्याच्या काचेच्या बरणीबद्दल मी काय सांगू? बरणीचं वजन लोणच्याच्या निम्मं, आणि तेल झिरपलं तर शेजारच्या पार्सलांचीही वाट. मी स्वतः लोणचं लांब पाठवायच्या विरोधात आहे.

आणखी एक चोरवाट आहे, टप्प्याची. भाडं बहुधा अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढतं. एक किलो आणि वर वीस ग्रॅम भरलं, की दीड किलोचं भाडं. आपण एक किलो माल भरतो आणि खोक्याचं वजन विसरतो. त्यापेक्षा पाकिटच 900 ग्रॅमचं करा, त्यावर 900 स्पष्ट लिहा, भाव त्याप्रमाणे लावा. गिऱ्हाइकाला फसवायचं नाही, फक्त खोक्याला जागा ठेवायची.

आता दुर्गम भागाच्या आकाराकडे येते. कुरिअरच्या भाषेत त्याला ओडीए म्हणतात, आउट ऑफ डिलिव्हरी एरिया. कंपनीची स्वतःची गाडी शहरापर्यंत, फार तर तालुक्यापर्यंत जाते. त्यापुढचं एक पार्सल पोचवायला माणूस, पेट्रोल, अर्धा दिवस. शहरात तोच माणूस दिवसभरात पन्नासेक दारं वाजवतो. म्हणून पुढच्या गावांसाठी जादा आकार, नाहीतर सरळ सांगतात की शाखेत येऊन घेऊन जा. यात त्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. आधी सांगत नाहीत, हे मात्र चूक.

दुर्गम कोण, हे ठरतं पिनकोडवरून. हा पिनकोड एका मराठी माणसाने दिला, श्रीराम भिकाजी वेलणकर. डाक खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला. भाषा वेगवेगळ्या, एकाच नावाची गावं ढीगभर, पत्रं भलतीकडे जायची, त्यावर हा सहा आकड्यांचा उपाय. पहिला आकडा विभागाचा. आपला 4, तो महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा. पहिले तीन मिळून पत्रं वेगळी करायचा जिल्हा, म्हणून नाशिक, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीकडे 422 आणि मालेगाव, कळवणकडे 423. शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या पोस्टाचे.

इथेच एक गोम आहे. एका पोस्टाखाली अनेक गावं आणि पाडे येतात. कंपनीच्या यादीत पिनकोड "सेवा आहे" असा दिसतो, कारण ते पोस्ट बाजारपेठेत असतं. गिऱ्हाइकाचा पाडा मात्र तिथून पंधरा-वीस किलोमीटर आत. म्हणून नुसता पिनकोड विचारून थांबू नका. "तुमच्याकडे कुरिअर घरी येतं का, की तालुक्याला जाऊन घ्यावं लागतं?" हा एक प्रश्न विचारला, तर अर्धी भांडणं टळतात. लांब राहणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. त्या शिक्षिकेला विचारलं असतं, तर त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं असतं, "ताई, पोस्टाने पाठवा."

पोस्ट हा आपल्यासारख्यांचा मोठा आधार आहे, याचं कारण फार जुनं. 1 ऑक्टोबर 1854 पासून आपल्या देशात पत्राला अंतर न बघता एकच दर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतचं पत्र अर्ध्या आण्यात, मुंबईहून पुण्याला जावो की कलकत्त्याला. जवळच्याच्या पैशातून लांबच्याची सोय, असा तो विचार. पार्सलाला तो पूर्ण लागू नाही, वजन आणि अंतराप्रमाणे दर वाढतात. पण तेवढ्याच अंतरावरचं शहर आणि तेवढ्याच अंतरावरचा पाडा यांत पोस्ट भेद करत नाही. दुर्गमपणाचा वेगळा आकार नाही. मोठ्या खोक्याला मापाचा हिशेब तिथेही लागू शकतो, तेव्हा काउंटरवर आधी विचारा.

दरांचे आकडे मी मुद्दाम सांगत नाही. ते बदलतात. 1 सप्टेंबर 2025 पासून जुनं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं आणि ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे दरही बदलले. बऱ्याच गटांच्या वहीत अजून जुना तक्ता चिकटवलेला आहे. तो काढून टाका आणि पोस्टातून नवा लिहून आणा.

फौजेतल्या माणसाला पाठवायचं असेल तर पोस्टच. देवळालीमुळे नाशिकच्या बायांचा फौजी कुटुंबांशी जुना संबंध आहे. इथे राहून गेलेली कुटुंबं पुढे बदली झाली तरी पापड-मसाल्याची आठवण काढतात, आणि आपल्याही गावांतले भाऊ, मुलगे सीमेवर आहेत. त्यांच्या पत्त्यात 56 एपीओ किंवा 99 एपीओ असं असतं आणि पिनकोड 9 ने सुरू होतो. त्यात गावाचं नाव नसतं, असूही नये. असं पार्सल खासगी कुरिअर पोचवू शकत नाही, ते फौजेच्या टपालातूनच जातं. वेळ लागेल हे धरून टिकाऊ वस्तूच भरा.

आता जरा लांबची गोष्ट, मला फार आवडते म्हणून सांगते. अमेरिकेत 1913 साली पार्सल पोस्ट सुरू झालं. युटा राज्यात व्हर्नल नावाचं आडबाजूचं गाव, रेल्वे नाही. 1916 मध्ये तिथे बँकेची इमारत बांधायची होती आणि विटा हव्या होत्या सॉल्ट लेक सिटीच्या. मालगाडी आणि घोडागाड्यांचं भाडं विटांच्या किमतीच्या कितीतरी वर जात होतं. मग त्या पठ्ठ्यांनी विटा पन्नास पन्नास पौंडांच्या, म्हणजे बावीस-तेवीस किलोंच्या पार्सलांत बांधून पोस्टाने मागवल्या. हजारो विटा. पोस्टमास्तरांच्या नाकी नऊ आले. शेवटी खात्याने नियम केला, की एकाने एकाला एका दिवसात दोनशे पौंडांपेक्षा जास्त पाठवायचं नाही. ती इमारत अजून उभी आहे. तो लांबचा रस्ता काही स्वस्त झाला नव्हता. त्याचा खर्च बँकेऐवजी पोस्टाने भरला, एवढंच.

आपल्याकडे "फ्री डिलिव्हरी" लिहिलेलं बघितलं, की मला त्या विटा आठवतात. मोठ्या कंपन्या रोज हजारो पार्सलं देतात, म्हणून त्यांना कराराचे कमी दर मिळतात. उरलेलं भाडं त्या वस्तूच्या किमतीत मिसळतात. महिन्याला पाच पार्सलं पाठवणारी बाई काउंटरचा पूर्ण दर भरते. तिने "घरपोच मोफत" लिहिलं, तर पैसे तिच्या मजुरीतूनच जातात, कारण दुसरीकडून येण्याची वाटच नाही. तरी आपल्या बायांना भाडं मागायची लाज वाटते. "एवढं लांबून मागवलं, अजून पैसे कसे मागायचे?" असं मला कितीदा ऐकायला मिळतं. एस.टी.त बसल्यावर कंडक्टरने तिकीट मागितलं, तर आपण रागावतो का?

आणि गिऱ्हाईकच लांब असतं असं नाही. आपण स्वतःही लांब आहोत. शहरातल्या मुलीच्या दारात कुरिअरवाला पार्सल न्यायला येतो. सुरगाणा, पेठ, हरसूलकडे तो येत नाही, म्हणजे आपणच नाशिक गाठायचं. 2023 च्या मार्चपासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे, तेवढा दिलासा. पण दिवस जातोच. समजा येण्याजाण्याचे 120 आणि मजुरीचा खाडा 300, तर झाले 420. एका पार्सलसाठी गेलात तर सगळे 420 त्या एकावर. सात पार्सलं एकत्र नेली तर प्रत्येकावर 60. म्हणून गटागटाने, खरं तर ग्रामसंघानेच, आठवड्याचा एक पार्सलवार ठरवावा. आमच्याकडे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी एकीची पाळी असते आणि तिचा खाडा सगळ्या पार्सलांत वाटला जातो. गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं, की माल बुधवारी निघतो. कुणी नाराज होत नाही. त्याआधी गावच्या शाखा डाकघरात विचारा. तिथेही स्पीड पोस्ट घेतात. तुमच्या मापाचं पार्सल तिथे घेत असतील तर नाशिकची खेप वाचली.

पार्सल पोचल्यावर पैसे द्यायची सोय, कॅश ऑन डिलिव्हरी, दुर्गम पत्त्याला ठेवू नका. रेंज नसते, फोन लागत नाही, पोचवणारा "गिऱ्हाईक मिळालं नाही" लिहून परत पाठवतो. मग जाण्याचं भाडं आपलं, येण्याचंही बहुधा आपल्याच माथी, आणि परत आलेल्या कुरडईचा भुगा. पैसे आधी, फोन नंबर दोन आणि पत्त्यात एखादी खूण, शाळा किंवा दुकान, हे घेतल्याशिवाय खोका बंद करायचा नाही. कुरिअरने पाठवत असाल तर खोका काट्यावर ठेवून एक फोटो आणि तिन्ही बाजूंना टेप लावून फोटो काढा. पुढे वजनावरून वाद झाला तर तोंडी भांडण्यापेक्षा फोटो बरे.

आता आमच्या गटात जे खरं भांडण झालं ते सांगते. नुकसान झाल्यावर बैठक घेतली. खजिनदार म्हणाली, लांबच्यांना सरळ जादा भाडं सांगायचं, परवडेल ते घेतील. दुसरी एक, वयाने मोठी, फारशी बोलत नाही, ती म्हणाली, "आपल्याला कुणी लांबच्या म्हणून जास्त पैसे लावले तर आपण किती चिडतो! खताच्या पिशवीपासून गॅसच्या टाकीपर्यंत. मग त्या बाईला आपण तेच करायचं?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वही काढली. वर्षात 40 पार्सलं गेली होती, त्यातली फार लांबची चार. त्या चारांवर सरासरी 300 रुपये जादा लागले असते, म्हणजे 1200. चाळीस जणांत वाटले तर प्रत्येकाला 30. तीस रुपये जास्त सांगून सगळ्यांना एकच भाडं ठेवायचं का? काहींना पटलं. खजिनदाराचं म्हणणं, की नाशिकचं गिऱ्हाईक तीस रुपयांसाठी दुसऱ्या गटाकडे जाईल. तिचंही खोटं नव्हतं.

मला विचाराल तर मी त्या मोठ्या बाईच्या बाजूची आहे, पण हिशेब खजिनदाराचा पाळते. शेवटी असं ठरलं. नाशिक शहराला एक दर, बाकी सगळ्या महाराष्ट्राला एकच दर, मग ते पुणे असो की भामरागड. राज्याबाहेर पोस्ट सांगेल ते भाडं, पैसे घेण्याआधी सांगून. लांबच्या पत्त्याला निदान दोन किलोची मागणी असेल तरच पाठवायचं, कारण खेप आणि खोका तेवढाच लागतो. कुरडई पाठवायचीच झाली तर छोटी घालायची, तळहाताएवढी, एकमेकींत बसतील अशी रचायची, आणि पापडांच्या थप्पीभोवतीच्या फटीत भरायची. तुटलेल्या कुरडयांचं वेगळं पाकीट, "भाजीसाठी" असं लिहून, कमी भावात. कुरडईची भाजी ज्यांना ठाऊक आहे ते आनंदाने घेतात. पोत्यात नाहीतरी तुकडे पडतातच.

त्या शिक्षिकेला आम्ही झालेलं सगळं कळवलं. पैसे मागायला नाही, नुसतं कळवलं. त्यांनी 590 पाठवायची तयारी दाखवली. गटाने निम्मेच घेतले, कारण खोक्याचं माप घेणं आपलं काम होतं. पुढची मागणी त्यांनी पोस्टाने मागवली. त्यात दीड किलो नागलीचे पापड, अर्धा किलो छोट्या कुरडया, आणि शेजारच्या दोघी शिक्षिकांसाठी वेगळी पाकिटं, सगळं एकाच खोक्यात. त्यांनी सांगितलेल्या पत्त्यावर, म्हणजे शाळेवर, पोस्टमन स्वतः घेऊन आला.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक मोजपट्टी आणि आपला नेहमीचा रिकामा खोका घेऊन या. काटा मी आणते.